टर्बो गेला म्हणून 38,000 घेतले, टर्बोला पाना पण लावला नव्हता

मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेली पेट्रोल गाडी असेल तर वाचाच. माझी 1 लिटर तीन सिलेंडरवाली छोटी गाडी, 62 हजार किमी झालेली, वॉरंटी संपलेली. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढत होतो आणि अचानक पिकअप गेला. एक्सलेटर दाबला की बॉनेटखालून फुस्स असा आवाज, इंजिनचा पिवळा दिवा लागलेला, आणि मी मालट्रकच्या मागं रांगतोय. धूर नव्हता, ऑइलची पातळी पण बरोबर होती, पण तेव्हा त्याचा अर्थ कुणाला कळतोय.

साताऱ्यात ओळखीतल्या एकाने सांगितलेल्या गॅरेजला गाडी टाकली. एसीवाली बसायची खोली, चहा, सगळं झकास. स्कॅनर लावला, कोड आला पी0299. "साहेब, टर्बो गेला." मग मला बॉनेटपाशी बोलावून टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढला आणि आतल्या पंख्याचं टोक माझ्याच बोटांनी हलवायला लावलं. हललं की हो! "बघा, प्ले आलाय," म्हणजे ढिला झालाय. पाइपात बोट फिरवून काळं ऑइल दाखवलं, "सील पण लीक." नवीन टर्बो 74,000, नाहीतर कार्ट्रिज (टर्बोचा आतला पंखा-दांडीचा भाग) बदलून 38,000, त्यात फुल्ली सिंथेटिक ऑइल. पक्कं बिल केलं तर जीएसटी वाढेल म्हणाला, मी पण लई शहाणा, म्हटलं कच्चं चालेल. जुना पार्ट मात्र मागितला (तेवढी अक्कल होती), तर तीन दिवसांनी एक काळंकुट्ट कार्ट्रिज पेपरात गुंडाळून हातात दिलं. गाडी एकदम भारी पळाली. मी तर पेढे नेऊन दिले आणि दोन महिन्यांनी मेव्हण्याला पण तिथंच पाठवलं.

मेव्हण्याची गाडी वेगळी, कंपनी वेगळी, पण त्यालाही तोच पंखा हलवायला लावला, तेच काळं बोट दाखवलं आणि रेट पण 38,000च. तो मूळचाच संशयी, म्हणाला विचार करून सांगतो आणि गाडी घेऊन एका जुन्या मिस्त्रीकडे गेला. तिथं होज फाटलेला निघाला, दोन हजारात काम झालं. मग मी पण धावतपळत माझी घेऊन गेलो.

मिस्त्रींनी टॉर्च मारला आणि मलाच म्हणाले वाका, बघा. टर्बोचे नट गंजून लाल झालेले, एकावर पण पान्याचा ओरखडा नाही. "दादा, ह्याला कंपनीतनं आल्यापासनं कुणी हात लावला नाही." नवीन काय होतं, तर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) पाइपवर एक चकचकीत जुबली क्लिप, पाइप आवळायची पट्टी. म्हणजे पाइप क्लिपमधून निसटला होता, टर्बोने दाबलेली हवा तिथून बाहेर जात होती, तोच तो फुस्स. गॅरेजवाल्यांनी पाइप बसवला, क्लिप आवळली, कोड पुसला, झालं. पी0299 चा अर्थ फक्त एवढाच की अपेक्षेपेक्षा प्रेशर कमी मिळतंय. ते का कमी आहे हे स्कॅनर सांगत नाही, पाइप, वेस्टगेट (टर्बोचं प्रेशर आवरणारी झडप), सेन्सर, काहीही असू शकतं, टर्बो त्यातलं एक.

आणि तो प्ले? पंख्याची ती दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारते आणि ऑइलच्या थरावर तरंगत फिरते. इंजिन बंद असताना प्रेशर नसतं, म्हणून आडवी किंचित हलणारच, चांगल्या टर्बोत पण हलते. आत-बाहेर अशी हलली किंवा पंखा घराला घासला तर मात्र गडबड. पाइपातला ऑइलचा पातळ थर पण ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) वाफेमुळे असतोच. खरंच सील गेलं तर सहसा निळा धूर येतो, ऑइल उतरायला लागतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

घरून ते कार्ट्रिज नेऊन दाखवलं तर मिस्त्री हसायलाच लागले. त्याच्या पंख्याचा पुढचा बारीक भागसुद्धा माझ्या टर्बोच्या तोंडात मावेना, कुठल्यातरी मोठ्या डिझेल गाडीचं होतं ते. पण मला खरा राग आला तो ऑइलचा. उरलेलं ऑइल गॅरेजवाल्यांनीच डिकीत ठेवलं होतं, मी कॅन कधी बघितलाच नाही. 15डब्ल्यू-40, डिझेल इंजिनचं. मॅन्युअलमध्ये 5डब्ल्यू-30 सिंथेटिक लिहिलंय. पैसे गेले ते गेले, पण चुकीचं ऑइल टर्बोच्या गरमीत जळून बारीक नळीत कोळशासारखं बसतं आणि मग टर्बो खरंच जातो. लगेच काढायला लावलं. आता कॅनचं सील माझ्यासमोर फोडायला लावतो, आणि घाट चढून आलो की अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवून मगच बंद करतो. तुमच्याकडे कुणी टर्बो बदला म्हटलं तर आधी स्मोक टेस्ट (पाइपात धूर सोडून गळती शोधणं) करून पाइप तपासायला सांगा आणि टर्बोच्या पट्टीवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा.

1915 ला (ग्राहक हेल्पलाइन) फोन केला, तक्रार नोंदवली. कच्च्या बिलावर गॅरेजचं नाव नाही आणि यूपीआयने पैसे कुणा पोराच्या खात्यात गेलेत, त्यामुळे काय होतंय बघू. गॅरेजवाल्याला पण फोन केला होता. आधी अरेरावी, मग सूर बदलला, म्हणाला, "साहेब, काहीतरी बघतो, पण तेवढं ते कार्ट्रिज आणून द्या ना, दुसऱ्याचं चुकून आलंय."

नाही दिलं. बाल्कनीत आहे, पेपरासकट.