पाण्यातली औषधं मोडायला ओझोन की यूव्ही-पेरॉक्साइड?

आपण घेतलेली गोळी सगळी अंगात जिरत नाही, थोडीफार लघवीवाटे गटारात जातेच, आणि दुखण्यावरची डायक्लोफेनॅक किंवा फिटसाठीची कार्बामाझेपिन नेहमीच्या सांडपाणी प्लांटमधल्या जिवाणूंना फारशी दाद देत नाहीत.

सांडपाणी असेल तर माझं मत सरळ ओझोनला. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळच्या नॉयगुट प्लांटमध्ये 2014 पासून हेच चालू आहे, आणि 2016 पासून तिथल्या कायद्याने ठरावीक प्लांटना असे सूक्ष्म प्रदूषक 80 टक्के काढावेच लागतात. ओझोन वायू साठवता येत नाही, जागेवरच ऑक्सिजनपासून बनवतात, वरची दोन्ही औषधं तो झटपट मोडतो, पण सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या डायपुढे त्याचं फारसं चालत नाही. पाण्यात ब्रोमाइड (ब्रोमिनचा क्षार) जास्त असेल तर त्यापासून ब्रोमेट हा घातक पदार्थ तयार होतो, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला फक्त 10 मायक्रोग्रॅम, त्यामुळे आधी ब्रोमाइड तपासाच.

यूव्ही-पेरॉक्साइडमध्ये यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाश पाण्यात घातलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय क्रियाशील कण बनवतो, तो जवळपास कशावरही तुटून पडतो, ब्रोमेटचीही भानगड नाही. पण पाणी गढूळ असलं की प्रकाश आत शिरत नाही, रॅडिकल इतर सेंद्रिय घाणीवरच खर्च होतात आणि विजेचं बिल चढतं. म्हणून हे पिण्याच्या स्वच्छ पाण्याला शोभतं, नेदरलँड्सच्या आंडाइकमध्ये 2004 पासून आहे, उरलेलं पेरॉक्साइड नंतरच्या कार्बन फिल्टरमध्ये निघून जातं.

दोन्हीकडे औषधाचे तुकडे उरतात, तेव्हा मागे वाळूचा किंवा कार्बनचा जैविक फिल्टर हवाच, खर्च वाचवायला तो वगळू नका.