सिटिझन्स चार्टरचा बोर्ड: अकरा वर्षं वापरल्यानंतर

जानेवारीचे पहिले २० दिवस फिलिपिन्समधल्या छोट्या धंदेवाल्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मेयर्स परमिटचं, म्हणजे धंद्याच्या पालिका-परवान्याचं, नूतनीकरण २० तारखेच्या आत झालं नाही, तर २५ टक्क्यांपर्यंत दंड आणि वर महिन्याचं व्याज. आमची करिंदेर्या, म्हणजे सहा टेबलांची खानावळ, नवऱ्याच्या नावावर आहे. रांगेत मात्र मी. बारांगायचा (म्हणजे वॉर्डासारख्या सर्वांत छोट्या स्थानिक कारभाराचा) दाखला, सेडुला (स्थानिक कर भरल्याचा दाखला), सॅनिटरी परमिट, अग्निशमनवाल्यांचा कागद अशी फाइल पोटाशी धरून उभी राहते, आणि समोर भिंतीवर दिसतो तो सिटिझन्स चार्टरचा बोर्ड. हा रिव्ह्यू त्याचा.

काम कोणतं, कागद कोणते, पायऱ्या किती, फी किती पेसो, वेळ किती आणि शेवटच्या रकान्यात त्या पायरीला जबाबदार माणूस कोण, असं सगळं त्यावर असतं. तक्रार कुठे करायची तेही. २००७ च्या अँटी-रेड टेप, म्हणजे लालफीतविरोधी, कायद्याने प्रत्येक सरकारी कचेरीला तो लावायला लावला. २०१८ च्या कायद्याने मुदती आवळल्या: साधं काम ३ दिवसांत, गुंतागुंतीचं ७, फारच तांत्रिक असेल तर २०, तेही कामाचे दिवस. कागदपत्रं आणि फी पूर्ण असून मुदत उलटली, तर अर्ज मंजूर झाला असं धरायचं. वाचायला इतकं छान वाटतं की रांगेत माणसाचा वेळ बरा जातो.

आमच्या गावात (नाव नको, परमिट पुढच्या वर्षीही लागणार आहे) हा बोर्ड पाण्याच्या मशीनमागे आहे. पाणी प्यायला वाकलं की मधल्या दोन ओळी दिसतात. त्यात लिहिलंय ३० मिनिटं. मी दोन दिवस उभी होते. जेवणाच्या वेळी खिडकी बंद ठेवायची नाही असा नियम आहे, पण खिडकीवरचे सर जेवायला गेले होते. परत आल्यावर मधाळ आवाजात म्हणाले, ‘बुकास ना लांग पो.’ उद्याच या. हे शब्द मी इथल्या तागालोग भाषेत ‘धन्यवाद’च्याही आधी शिकले. शेवटच्या रकान्यात काय होतं? ‘संबंधित कर्मचारी’. मशीनच्या बाजूने डोकावलं तर दहाही ओळींना तेच.

म्हणून बरीच वर्षं माझ्या लेखी हा बोर्ड म्हणजे शोभेची वस्तू होती. मत बदललं ते सासूबाईंच्या स्वयंपाकघरात.

सासर नागा सिटीत. बिकोल विभाग, डोक्यावर इसारोग पर्वत, आमटीपासून आइस्क्रीमपर्यंत मिरची. सासूबाईंच्या खणात गॅसच्या पावत्यांबरोबर सिटी हॉलचं एक जुनं पुस्तक असतं. तिथली सेवांची यादी, पायऱ्या, वेळ, जबाबदार माणूस. देशाचा कायदा व्हायच्या आधीपासून नागा हे छापत होतं. त्या वेळचा महापौर जेसी रोब्रेदो. सासूबाई अजून ‘मेयर जेसी’च म्हणतात.

१९८८ मध्ये हा माणूस निवडून आला तेव्हा २९ वर्षांचा होता. मनिलाच्या दे ला साल विद्यापीठात शिकलेला इंजिनिअर, सान मिगेल कंपनीतून आलेला. घड्याळ लावून काम मोजायची सवय तिथूनच आली असणार, हा माझा अंदाज. तिजोरीत खड्डा, उत्पन्नावरून ठरणारा शहराचा दर्जा पहिल्यावरून तिसऱ्या वर्गात घसरलेला, ‘हुएतेंग’चा मटका उघड चालू, बसगाड्यांनी बाजार तुंबलेला. त्याने बसस्थानक बाजाराबाहेर नेलं, जुगाराचे अड्डे उठवले आणि सिटी हॉलच्या नोकरांच्या चाचण्या घेऊन ज्याला जे जमतं त्या टेबलावर त्याला बसवलं. १९९० मध्ये दर्जा परत मिळाला. झोपडीवाल्यांना हक्काची जमीन मिळवून देणारी योजनाही याच काळातली. १९९५ मध्ये शहराने केलेल्या नियमाने तर नागरी संघटनांच्या परिषदेला शहराच्या समित्यांवर माणसं बसवायचा हक्क मिळाला. २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार.

आता सासूबाईंची तक्रार ऐका. देशभर रोब्रेदोंचं नाव निघालं की आधी चप्पल निघते. वादळानंतर हाफ पँट आणि रबरी चपला घालून फावड्याने चिखल उपसणारा महापौर. त्यावरून ‘त्सिनेलास नेतृत्व’ असा शब्दच रूढ झाला. ‘चपला तर निवडणुकीत सगळेच घालतात,’ सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, ‘पुस्तकात नाव लिहून दाखव म्हणावं. नाव असलं की मला कोणाशी भांडायचं ते कळतं.’ त्या खरोखरच भांडायला जात. पुस्तक पिशवीत घेऊन.

तेव्हापासून मी कुठलाही बोर्ड उजवीकडून वाचते. शेवटच्या रकान्यात माणूस आहे का? असेल तर बाकीचे रकाने खरे निघण्याची शक्यता बरी. नसेल तर बाहेर जाऊन कॉफी प्या.

त्याच घराण्यातला दुसरा बोर्डही आहे. २०१० मध्ये रोब्रेदो गृह आणि स्थानिक शासन खात्याचे मंत्री झाले आणि पहिल्याच काही आठवड्यांत गावोगावच्या नगरपालिकांना बजेट, खर्च, निविदा सगळं लोकांना दिसेल अशा जागी लावायचा हुकूम काढला. कल्पना उत्तम. पण अक्षर मुंगीएवढं, आणि हिशेबाच्या भाषेत. मासळीवाली काय वाचणार त्यात? अडीच तारे. मंत्री म्हणून त्यांना दोनच वर्षं मिळाली. १८ ऑगस्ट २०१२ ला सेबूहून घरी, नागाला येताना छोटं विमान मास्बाते बेटाजवळ समुद्रात पडलं आणि ते गेले. सासूबाई त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. २०२५ मध्ये रोब्रेदोंच्या पत्नी लेनी, ज्या आधी देशाच्या उपराष्ट्राध्यक्ष होत्या, नागाच्या महापौर झाल्या. त्याबद्दल मात्र फोनवर तासभर.

तर तारे. सासूबाईंच्या खणातलं पुस्तक: पाच. कोपरे तेलकट आहेत, पण तो आमच्या घरचा दोष. आमच्या गावचा बोर्ड: दीड, त्यातला अर्धा पाण्याच्या मशीनला.

यंदा परमिट हातात पडल्यावर मी त्या रिकाम्यासारख्या रकान्याचा फोटो काढून सासूबाईंना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘तुमच्याकडे पेनं मिळत नाहीत का? पाठवू?’