कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये उभारलेला सॅटर्न ५ : काही महिन्यांच्या वापरानंतर

कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा अंतराळयाने बांधून उडवण्याचा संगणकावरील खेळ २०१५ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला आणि त्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामुळे संपूर्ण खेळाचे परीक्षण येथे करत नाही. गेले काही महिने मी तो एकाच कामासाठी वापरला : अपोलो मोहिमांचा सॅटर्न ५ प्रक्षेपक शक्य तितक्या प्रामाणिकपणे उभा करणे आणि चंद्रावर उतरून परत येण्याची मोहीम मूळ क्रमाने पार पाडणे. या कामात खेळ कोठे साथ देतो आणि कोठे देत नाही, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे.

प्रथम सुट्या भागांविषयी. मूळ खेळातील भागांतून सॅटर्नसारखे काहीतरी बनते, पण ते मनासारखे होत नाही. २०१८ साली आलेला ‘मेकिंग हिस्टरी’ हा विस्तार घेतला की पाच मीटर व्यासाच्या टाक्या, पहिल्या टप्प्यातील एफ-१ इंजिनाच्या धर्तीवरचे ‘मॅस्टोडॉन’, वरच्या टप्प्यांतील जे-२ च्या धर्तीवरचे ‘स्किफ’ आणि चंद्रावर उतरणारी दोन अंतराळवीरांची चांद्रकुपी मिळते. तरीही व्यासांचे प्रमाण जुळत नाही. मूळ प्रक्षेपकाचे पहिले दोन टप्पे सुमारे १० मीटर व्यासाचे, तिसरा ६.६ मीटरचा आणि अंतराळवीरांचे यान ३.९ मीटरचे होते. खेळात हेच आकडे अनुक्रमे ५, ३.७५ आणि २.५ मीटर होतात. म्हणजे तळाचा भाग मूळच्या निम्म्यावर येतो, तर वरचे यान त्या मानाने बरेच मोठे राहते. डोळ्याला सवय असलेल्याला हा सडपातळपणा लगेच जाणवतो.

पहिल्या टप्प्यावर सर्वाधिक वेळ गेला, आणि तो द्यावाच असे माझे मत आहे. पाच इंजिनांपैकी मधले इंजिन स्थिर होते आणि दिशा बदलण्याचे काम बाहेरची चारच करत असत. खेळात मधल्या इंजिनाचे वळणे बंद करून हे जसेच्या तसे करता येते. अपोलो ११ च्या उड्डाणात मधले इंजिन सव्वादोन मिनिटांनी बंद केले गेले आणि बाहेरची चार त्यानंतर जवळपास अर्धा मिनिट चालू राहिली. इंधन जळत जाते तसे वजन घटते, रेटा मात्र कायम राहतो, त्यामुळे प्रवेग चढत चढत गुरुत्वाकर्षणाच्या चौपटीपर्यंत पोहोचतो. तो आवरण्यासाठी एक इंजिन आधी थांबवायचे. हे पुस्तकात वाचलेले होते, परंतु मधले इंजिन वेगळ्या कळीवर जोडून, प्रवेगाचा काटा पाहत ते हाताने बंद केल्यावर या तरतुदीची गरज खरी पटली.

पहिला टप्पा सुटल्यानंतर दोन टप्प्यांना जोडणारे गोल कडे वेगळे, सुमारे अर्ध्या मिनिटाने टाकले जात असे, कारण सर्व काही एकदम सोडले तर ते कडे दुसऱ्या टप्प्याच्या इंजिनांना घासण्याचा धोका होता. खेळात त्यासाठी दोन विलगक (टप्पे सुटे करणारे भाग) एकावर एक लावावे लागतात. त्यानंतर थोड्याच वेळात टोकावरचा आपत्कालीन सुटकेचा मनोरा टाकायचा. हा क्रम पाळला नाही म्हणून खेळ अडवत नाही, आणि पाळला तर अधिक गुणही देत नाही. प्रतिकृती करणाऱ्याने हा क्रम स्वतःच स्वतःवर घालून घ्यावा.

उंच प्रक्षेपक वाकणे आणि डोलणे हा या खेळाचा सर्वपरिचित दोष आहे, आणि सॅटर्नच्या उंचीमुळे तो ठळक दिसतो. सेटिंगमध्ये प्रगत पर्याय चालू केल्यावर मिळणारा ‘ऑटोस्ट्रट’ हा भागांना आपोआप दिला जाणारा अदृश्य आधार तळाच्या टाक्यांना लावला की बहुतेक डोलणे थांबते.

मला सर्वाधिक समाधान देणारा भाग उड्डाणानंतर येतो. तिसरा टप्पा आधी कक्षेत पोहोचण्यासाठी आणि नंतर चंद्राकडे निघण्यासाठी, असा दोनदा पेटतो. त्यानंतर अंतराळवीरांचे यान सुटे होऊन पुढे जाते, संपूर्ण उलटे वळते, परत येऊन आवरणाच्या आत बसलेल्या चांद्रकुपीच्या माथ्याला जोडले जाते आणि तिला बाहेर ओढून घेते. खेळातील आवरणाच्या तळपट्टीवर आतल्या जोडबिंदूंचा पर्याय चालू करून चांद्रकुपी आत आणि मुख्य यान वर, अशी रचना साधते. ही जोडणी मंद वेगाने, सूर्य पाठीशी ठेवून करण्याचा सराव झाला की पुढे चंद्राच्या कक्षेतील भेट कितीतरी सोपी जाते.

आता उणिवांकडे येतो. कर्बिन या खेळातल्या ग्रहाची त्रिज्या केवळ ६०० किलोमीटर आहे, पृथ्वीची ६,३७१. पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण मात्र दोन्हीकडे सारखे ठेवले आहे. परिणामी कक्षेत राहण्यासाठी सेकंदाला सुमारे ७,८०० मीटरऐवजी २,३०० मीटर वेग पुरतो, आणि कक्षेतून चंद्राकडे निघण्यासाठी ३,१०० मीटरच्या आसपास लागणारी वेगवाढ येथे साधारण ८६० मीटरवर भागते. या छोट्या जगात सॅटर्न गरजेपेक्षा फारच मोठा ठरतो. टप्पे मूळ जागी संपावेत म्हणून मला टाक्या मुद्दाम अर्धवट भराव्या लागल्या. अधिक गंभीर गोष्ट अशी की, कक्षेत मुख्य यान ठेवून केवळ हलकी कुपी खाली पाठवण्याची अपोलोची पद्धत येथे अनावश्यक कष्टाची वाटू लागते, कारण संपूर्ण यानच ‘मुन’ या उपग्रहावर उतरवून परत आणणे सहज परवडते. अभियंते जॉन हूबोल्ट यांनी नासामध्ये ज्या पद्धतीचा इतक्या आग्रहाने पाठपुरावा केला, तिची निकड मूळ खेळातून समजत नाही.

इंधनाचेही तसेच आहे. मूळ प्रक्षेपकात पहिला टप्पा केरोसीनवर आणि वरचे दोन द्रव हायड्रोजनवर चालत. हायड्रोजन तितक्याच वजनात बराच अधिक वेग मिळवून देतो, पण तो अतिशय विरळ असल्याने त्याला प्रचंड टाक्या लागतात. म्हणूनच दुसरा टप्पा पहिल्याच्या निम्म्याहून अधिक उंच आणि तितक्याच व्यासाचा असूनही त्याचे भरलेले वजन पहिल्याच्या एकचतुर्थांशाहून कमी होते. खेळात सर्व रासायनिक इंजिनांना एकच द्रव इंधन असल्यामुळे त्याच आकाराचा दुसरा टप्पा कितीतरी अधिक जड होतो. आकृती हुबेहूब असते, पण तशी आकृती का घडली याचे कारणच त्यातून निघून जाते.

या दोन्ही उणिवा ‘रिअल सोलर सिस्टिम’ आणि ‘रिअलिझम ओव्हरहॉल’ या मोफत मॉडमुळे (खेळात बदल करणाऱ्या, वापरकर्त्यांनी बनवलेल्या पुरवण्यांमुळे) भरून निघतात, आणि माझे खरे काम त्यानंतर सुरू झाले असे म्हणेन. पृथ्वी पूर्ण आकाराची होते, इंधने खरी येतात, आणि इंजिने हवी तेव्हा पेटत नाहीत. वजनरहित अवस्थेत टाकीतले इंधन तरंगत असल्याने तिसरा टप्पा पुन्हा पेटवण्यापूर्वी लहान रेटा देऊन ते तळाशी बसवावे लागते. फ्लोरिडातील तळ सुमारे २८.५ अंश अक्षांशावर आहे आणि चंद्राची कक्षा विषुववृत्ताच्या प्रतलात नाही. त्यामुळे केव्हाही निघालो आणि पोहोचलो असे होत नाही. उड्डाणाची वेळ जशी पुढे सरकेल तशी प्रक्षेपकाची दिशा (उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेली) ७२ अंशांपासून १०८ अंशांपर्यंत बदलत न्यायची असे अपोलोचे नियोजन का होते, हे येथे नकाशावर स्पष्ट दिसते. जमिनीवरून २,९०० टनांहून अधिक वजन उचलून त्यातले सुमारे ४५ टनच चंद्राच्या वाटेला लागतात, आणि तेवढ्यात सर्व भागवायचे म्हटले की कुपी हलकी असण्याचा हट्ट पूर्णपणे रास्त वाटतो.

आणखी एक प्रयोग आवर्जून करण्यासारखा आहे. अपोलो १३ च्या उड्डाणात, एप्रिल १९७० मध्ये, दुसऱ्या टप्प्याचे मधले इंजिन तीव्र कंपनांमुळे सुमारे दोन मिनिटे आधी बंद पडले होते. उरलेल्या चार इंजिनांनी अधिक वेळ जळून आणि तिसऱ्या टप्प्याने थोडी भर घालून कक्षा गाठली. खेळात तेच इंजिन तितकेच आधी बंद करून उड्डाण पुढे न्यावे. पाचांतले एक गेल्यावरही मोहीम का टिकली, याचा हिशोब प्रत्यक्ष समोर मांडला जातो.

हीच साधने भारतीय मोहिमांनाही लागू पडतात. चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी निघून २३ ऑगस्टला उतरले, तर अपोलो ११ निघाल्यापासून पाचव्या दिवशी चंद्रावर होते. सुमारे ६४० टनांचा एलव्हीएम-३ हा इस्रोचा प्रक्षेपक आपल्या ३.९ टनांच्या यानाला थेट चंद्राकडे न पाठवता लंबवर्तुळाकार कक्षेत सोडतो, आणि मग यान पृथ्वीच्या जवळून जाताना दर वेळी थोडे इंजिन चालवून कक्षा वाढवत नेते. पूर्ण आकाराच्या पृथ्वीवर दोन्ही मार्ग एकापाठोपाठ उडवून पाहिले की त्या चाळीस दिवसांच्या प्रवासातली काटकसर किती विचारपूर्वक होती ते कळते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सुचवेन की मॉड घालण्याची घाई करू नये. जोडणी, उतरणे आणि परतीचा मार्ग मूळ खेळातच शिकावा, कारण तेथे इंधनाची टंचाई नसते. मॉडसह खेळायचे तर संगणकाला किमान १६ जीबी मेमरी असावी, आणि सुटे भाग कमीत कमी ठेवावेत. शेकडो भागांचा प्रक्षेपक बलवान संगणकावरही रेंगाळतो. खेळ मराठीत उपलब्ध नाही, त्यामुळे शाळकरी मुलांसोबत पहिले काही दिवस कोणीतरी मोठ्याने बसणे आवश्यक आहे. आठवी-नववीत वेग आणि बल शिकलेले असेल तर बाकीचे ती पटकन उचलतात.