जुन्या बाजारातून भोरपर्यंत: तांब्याच्या बंबाची खरेदी

आमच्या भोरच्या घरी सासूबाई राहतात. वय 84. पावसाळ्यात तिकडे आठवडा-आठवडा ऊन पडत नाही, मग छपरावरचं सोलर नुसतं उभं. वीज गेली की गिझरही गेला. गॅसवर तापवलेलं पातेलं न्हाणीपर्यंत उचलून नेणं आता त्यांना झेपत नाही. परड्यात मात्र आंब्या-फणसाच्या वाळक्या फांद्यांचा ढीग पडलेला असतो. "घरचा बंब मोडीत घालायला नको होता," हे त्यांचं वाक्य (बंब म्हणजे मधल्या नळीत जाळ करून आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भांडं) मी दर श्रावणात ऐकत आले. यंदा मे महिन्यातच ठरवलं, बंब घ्यायचा आणि जुना घ्यायचा. नवे दोन पाहिले होते. अंगठ्याने दाबलं तर पत्रा लवत होता.

आधी एका शोभेच्या वस्तूंच्या दुकानात गेले. बंब आरशासारखा चकाकत होता. आत हात घातला तर तळाशी भोक पाडून एपॉक्सीने बुजवलेलं. कुणीतरी त्याचा दिवा केला होता, वायर तिथून काढली असणार. वरून लॅकर. विस्तवाशी गाठ पडली की लॅकर जळणार आणि एपॉक्सी सुटणार. मी स्पष्ट विचारलं, "यात पाणी तापेल का?" तर म्हणाले, "हो, आरामात." एखाद्या म्हातारीच्या न्हाणीत तो फुटला असता तर? याचा मला आजही राग आहे.

मग बुधवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी पाय ठेवायला जागा नसते, नीट पारखून घ्यायचं असेल तर बुधवार बरा. तीन विक्रेत्यांकडे मिळून पाच बंब दिसले. काळेकुट्ट होते, पण काळ्या रंगाला घाबरू नका, चिंच आणि राख लावली की तो जातो. बघायची ती मधली नळी. बंबाचा सगळा जीव तिच्यात असतो. जाळ तिच्यातून वर जातो, भोवती पाणी असतं, आणि झिजते तीच, कारण आतून राख आणि धूर, बाहेरून पाणी. मोबाईलची बॅटरी लावून नळीत खालून धरली, वरचं झाकण काढून डोक्यावर ओढणी घेतली आणि अंधारात पाण्याच्या बाजूने आत पाहिलं. दोन बंबांत चांदण्या दिसल्या, म्हणजे नळीच्या भोकांतून उजेडाचे ठिपके. तिसऱ्याची नळी धड होती, पण तोटीभोवती एवढा डाख, म्हणजे सांधायला वितळवून लावलेला धातू, थापलेला की तिथे वारंवार गळती झाली असणार हे उघड होतं. चौथ्यात चांदणी नाही, टिचकी मारली तर आवाज भरीव, तोटी पितळी आणि जड, दोन्ही कड्या मूळच्या. एका अंगाला मोठा पोचा होता आणि खालची जाळी गायब होती. वजन साडेनऊ किलो. अकरा हजार सांगितले, साडेआठला दिला. विक्रेत्याने पोचा लपवला नाही, उलट स्वतःच फिरवून दाखवला. म्हणून मी पाचवा पाहिलाच नाही.

तिथून रिक्षाने कसब्यातली तांबट आळी. पेशवाईपासूनची ही वस्ती. आळीत शिरलं की हातोड्यांचा ठोका अजून ऐकू येतो, फक्त पूर्वीपेक्षा विरळ. ज्या काकांकडे गेले त्यांनी बंब आडवा केला, आत बोटं फिरवली आणि म्हणाले, "ताई, नळीला हात लावत नाही. चांगली आहे ती." मी कल्हईचं विचारलं. "आंघोळीच्या पाण्याला कल्हई कशाला? खाण्यापिण्याच्या भांड्यांना करा." दुसऱ्याने गुपचूप करून पैसे लावले असते. पोचा त्यांनी आतून लाकडी ठोकळा देऊन काढला आणि त्या भागावर माठारकाम केलं. ओळीने बसलेले ते बारीक ठोके शोभेचे वाटतात, पण ठोकून तांबं कडक होतं, पत्र्याला ताठपणा येतो. तोटी उतरवून पुन्हा बसवली, पाणी भरून रात्रभर ठेवला. चार दिवस आणि अठराशे रुपये. शेवटी बजावलं, पाण्याशिवाय कधी पेटवू नका. पाणी असेपर्यंत तांबं फार तापत नाही, कोरडा पेटवला तर कथलाचा डाख सुटतो. कथील 232 अंशालाच वितळतं, जाळ त्याहून कितीतरी तापट.

नेण्यासाठी छोटा हत्ती केला, बावीसशे रुपये. इतक्याशा वस्तूला टेम्पो महाग वाटेल, पण सोबत दोन पोती आणि एक कपाटही होतं. चालक तरुण पण समजूतदार. खाली जुनं टायर टाकून त्यात बंब उभा बसवला, तोटी आतल्या बाजूला, भोवती गोणपाट. मी झाकण आधीच वेगळं बांधलं होतं. दोर कड्यांतून घेतला, पोटावरून नाही, कारण पोटावर आवळलेला दोर तांब्यात वळ उठवतो. उचलतानाही कड्यांनाच धरायचं, तोटीला कधीच नाही. कात्रजच्या बोगद्यापुढे पाऊस लागला, कापूरहोळला वळल्यावर खड्डे, तरी भोरला उतरवताना एक नवा ओरखडा नव्हता.

न्हाणीबाहेरच्या पडवीत ठेवलाय. बंद न्हाणीत बंब पेटवू नये, धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड कोंडतो आणि त्याला वास नसतो. सकाळी येणाऱ्या मावशी पेटवून देतात. मूठभर करवंट्या, वर बंबफोड म्हणजे बंबासाठी फोडलेली बारीक लाकडं, आणि वीस लिटर पाणी अर्ध्या तासाच्या आत कढत होतं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तोटी स्वतः सोडली, हात धरून पाहिला आणि जुन्या बंबाला होती तशी विसणाची, म्हणजे कढत पाण्यात मिसळायच्या गार पाण्याची, बादली शेजारी मागून घेतली.

एकच काम राहिलंय. बोहरी आळीतून आणलेली बिडाची जाळी बोटभर मोठी निघाली, सध्या खाली लोखंडी सळ्यांवर भागवतोय. माप घ्यायला काकांनी बंबाचा तळ कागदावर गिरवून आणायला सांगितलंय. पुढच्या बुधवारी जाईन.