पाटी पहिल्या टीमची, पोरगी तिसऱ्या टीममध्ये

न्यू जर्सी, टेक्सास किंवा बे एरियातल्या मराठी घरात मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की सॉकरची ही फसवणूक बहुधा दारात येतेच. तिला फसवणूक म्हणताना जीभ अडखळते, कारण कागदावर सगळं नियमात असतं. खासगी सॉकर क्लबचा ट्रायआउट (निवड चाचणी) होतो, त्याच रात्री मेल येते: अभिनंदन, क्लबमध्ये जागा मिळाली, ४८ तासांत डिपॉझिट भरा. डिपॉझिट परत मिळत नाही. क्लबच्या वेबसाइटवर वर ईसीएनएल या वरच्या लीगचं चिन्ह, खाली कॉलेजांच्या लोगोंची रांग. आपल्याकडे शाळेची पाटी बघून प्रवेश घ्यायची सवय हाडीमाशी खिळलेली. पैसे भरले जातात.

मेलमध्ये एकच गोष्ट नसते: कुठली टीम.

मोठ्या क्लबात एका वयोगटात तीन-चार टीम असतात. पहिली ईसीएनएल, गर्ल्स अकॅडमी किंवा एमएलएस नेक्स्टमध्ये खेळते. दुसरी त्याच नावाच्या खालच्या लीगमध्ये, तिसरी-चौथी राज्याच्या साध्या लीगमध्ये. जर्सी सगळ्यांची एकच, फीमध्येही म्हणावा तसा फरक नाही. पहिल्या टीमच्या चांगल्या खेळाडूंना फीत सूट द्यायची असते, तिचा प्रवास लांबचा, कोच महागडा. तो खर्च बहुतेक वेळा खालच्या टीमच्या पालकांकडून निघतो. म्हणून खालच्या टीममध्ये सहसा कुणाला नाही म्हटलं जात नाही.

नावांचा गोंधळ या धंद्याला फार सोयीचा आहे. अमेरिकन सॉकर फेडरेशनची डेव्हलपमेंट अकॅडमी ही लीग २००७ मध्ये सुरू झाली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये बंद पडली. तिच्या जागी मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट आणि मुलींसाठी गर्ल्स अकॅडमी आली. ईसीएनएल मुलींसाठी २००९ पासून होतीच, मुलांसाठी २०१७ पासून. मग प्रत्येक लीगने आपल्याच नावाखाली दुसरी पायरी काढली. ‘ईसीएनएल’ आणि ‘ईसीएनएल रीजनल लीग’ यांत शब्द दोनच जास्त आहेत, पण कॉलेज कोचच्या लेखी ते अंतर मोठं आहे. फोनवर बोलताना क्लबचा माणूस ते दोन शब्द गिळतो.

कॉलेज कोचच्या बाजूने बघा. २०२५ च्या हाउस खटल्याच्या (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या) तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या, कॉलेजांना सॉकर टीममध्ये जास्तीत जास्त २८ खेळाडू ठेवता येतात. म्हणजे वर्षाला साधारण सात जागा. त्यांतल्या काही ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीतून) आलेले खेळाडू घेतात, आणि मुलांच्या टीममध्ये काही परदेशातून आलेले, वयाने मोठे खेळाडू. उरलेल्या जागांसाठी कोचकडे मोजके वीकेंड असतात. एकाच मैदानावर पंधरा-वीस कामाचे खेळाडू दिसतील तिथेच तो उभा राहणार, आणि ते मैदान पहिल्या टीमचं असतं. ‘आमच्या शोकेसला (कॉलेज कोचना खेळ दाखवायच्या स्पर्धेला) ८० कॉलेजांचे कोच येतात’ ही जाहिरात खरी असू शकते. पण ती यादी नोंदणी केलेल्यांची असते. तुमच्या मुलीच्या १४ नंबरच्या मैदानाजवळ कोण फिरकलं, ते ती सांगत नाही.

दुसरं आमिष म्हणजे ‘कमिटमेंट’ची, म्हणजे कॉलेज टीमला होकार दिलेल्या खेळाडूंची, भिंत: अमुक मुलगी तमुक कॉलेजला, अभिनंदनाचा फोटो. हे तपासायला एक संध्याकाळ पुरते. त्या कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्स साइटवर रोस्टर (टीमची यादी) उघडा. बहुतेक ठिकाणी खेळाडूच्या नावापुढे हायस्कूल आणि क्लब लिहिलेला असतो. गेल्या तीन वर्षांची नावं घ्या आणि तीन गोष्टी शोधा. ती मुलगी क्लबात कधी आली? (बारावीच्या तोंडावर दुसरीकडून आलेली तयार खेळाडू भिंतीवर झळकते, तिला घडवणारा क्लब वेगळाच असतो.) ती कुठल्या टीममध्ये खेळली? आणि कॉलेज कुठल्या डिव्हिजनचं? दुसऱ्या टीममधून डिव्हिजन वनला गेलेलं एकही नाव सापडलं नाही, तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

डिव्हिजनचा प्रश्न पैशांचाही आहे. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. तिथे मिळणारी मदत अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर असते. डिव्हिजन वनमध्ये मुलांच्या टीमला तडजोडीपूर्वी एकूण ९.९ स्कॉलरशिपची मर्यादा होती, मुलींना १४. नऊ पूर्णांक नऊ २८ जणांत वाटल्या तर एकाच्या वाट्याला सरासरी एक तृतीयांशाच्या थोडं वर येतं. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांची ती मर्यादा आता उठली आहे, पण पैसे कॉलेजच्या बजेटमधूनच यायचे. वर आपल्यातल्या अनेकांचा अडसर वेगळाच: एच-४ व्हिसावरच्या मुलांना फेडरल आर्थिक मदत मिळत नाही. ‘फुल राइड’ (पूर्ण स्कॉलरशिप) हा शब्द क्लबच्या मीटिंगमध्ये ऐकला की तो कुणाला, कुठे आणि कशापोटी मिळाला, हे विचारावं. आणि ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे खेळाडूला कॉलेजशी बांधणारं पत्र, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं आहे. कॉलेजचा लेखी आर्थिक मदतीचा करार हातात येईपर्यंत ‘कमिट’ हा तोंडी शब्द असतो, दोन्ही बाजूंनी.

मग येतं कॉलेजच्या ‘आयडी कॅम्प’चं (कोचसमोर खेळायच्या, फी भरून जायच्या शिबिराचं) पत्र. नववीतल्या मुलाच्या नावाने डिव्हिजन वनच्या कोचकडून पत्र आलं की घरात पेढे वाटायची तयारी होते. नियम असा: सॉकरमध्ये दहावीचं वर्ष संपल्यावरच्या १५ जूनपूर्वी डिव्हिजन वनचा कोच मुलाशी भरतीबद्दल बोलू किंवा लिहू शकत नाही. कॅम्पचं माहितीपत्रक मात्र पाठवू शकतो. म्हणजे नववीतलं ते पत्र जाहिरात आहे. शिवाय कॉलेजचा कॅम्प वय, इयत्ता, मुलगा-मुलगी आणि एकूण संख्या एवढंच बंधन ठेवून सगळ्यांना खुला ठेवावा लागतो, त्यामुळे ‘खास निमंत्रण’ याला काही अर्थ नाही. कोचने मुलाच्या एखाद्या सामन्याचा उल्लेख करून लिहिलं असेल आणि १५ जूननंतर लिहिलं असेल, तर जावं.

स्कॉलरशिप मिळवून दिली तरच पैसे घेऊ, असं म्हणणारा मध्यस्थ प्रामाणिक वाटतो. नेमका तोच धोकादायक. कॉलेजात जागा मिळण्यावर ठरलेली फी कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएच्या नियमांत बसत नाही, आणि पात्रता जाते ती मुलाची. खोट्या खेळाडू-प्रोफाइलवर प्रवेश मिळवून देण्याचं २०१९ साली उघड झालेलं प्रकरण आठवा. त्यात येल आणि यूसीएलएचे सॉकर कोच तुरुंगात गेले.

आमचं मत विचाराल तर तेरा-चौदाव्या वर्षी लीग बघू नये, कोच आणि खेळायला मिळणारी मिनिटं बघावी. दहावीच्या सुमारास डिव्हिजन वनचं लक्ष्य खरंच आवाक्यात असेल, तर पहिल्या टीममधली जागा महत्त्वाची ठरते, मुलींसाठी तर जास्तच. पण पहिल्या टीमच्या बाकावर बसून कुणाचा व्हिडिओ तयार होत नाही. डिव्हिजन थ्रीसाठी लीगच्या नावाचं वजन बरंच कमी. तिथे ग्रेड आणि मुलाने स्वतः लिहिलेली मेल जास्त काम करते. मेलमध्ये ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, जर्सी नंबर, पुढच्या सामन्यांचं वेळापत्रक आणि तीन-चार मिनिटांच्या व्हिडिओची लिंक एवढंच असावं. आईबाबांनी लिहिलेली मेल कोचला दोन ओळींत कळते. डिव्हिजन वनसाठी हायस्कूलचे १६ कोअर (मुख्य अभ्यासाचे) विषय आणि त्यांत २.३ जीपीए लागतो. १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. क्लब याबद्दल क्वचित बोलतो.

सही करण्याआधी करारात बघायचं: मुलाला खालच्या टीममध्ये टाकलं तर फी कमी होते का, दुखापत झाली किंवा गाव बदललं तर उरलेले हप्ते माफ होतात का, मध्येच सोडायचं झाल्यास प्लेअर कार्ड (खेळाडूची नोंदणी) मोकळं करतात का. बहुतेक करार वर्षभराची पूर्ण फी बांधून घेतात आणि फी बाकी असेल तर कार्ड अडवतात. आधीच अडकला असाल तर भांडणात सीझन घालवू नका. खेळाचं वर्ष उन्हाळ्याअखेर संपतं, तोवर थकबाकी ठेवू नका आणि ऑटो-पे बंद करा. नव्या वर्षाची ऑफर चालू सीझन संपायच्या आतच येईल. तिला उत्तर देताना टीमचं आणि लीगचं पूर्ण नाव विचारा, आणि उत्तर फोनवर आलं तर तेच मेलवर लिहून मागा.