दाढेतलं गाव: दोन तासांची कार्यशाळा

कोथरूडमधली प्राचीन दातांवरची कार्यशाळा केली. पंखा इतका खडखडत होता की मागच्या रांगेत निम्मं ऐकूच आलं नाही. चहा गार. पण बाईंनी दाढेचा प्लास्टरचा साचा हातात दिला आणि पैसे वसूल! पहिल्या कायमच्या दाढेचं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, साधारण ३ वर्षांपर्यंत बनतं, पुढे बदलत नाही. खडकातून माती-पाण्यात आणि तिथून लहानपणीच्या अन्नपाण्यात आलेलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य त्यात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. दख्खनच्या बेसॉल्टवर स्ट्रॉन्शियम ८७ आणि ८६ (त्याचीच वेगवेगळ्या वजनाची दोन रूपं) यांचं गुणोत्तर कमी, जुन्या ग्रॅनाइटवर जास्त. हडप्पाच्या दफनांतले काही जण बाहेरगावचे होते, हे असंच कळलं. मी साताऱ्याची. तिथंही बेसॉल्टच, त्यामुळे स्ट्रॉन्शियमवरून मी पुणेकरच वाटेन, म्हणे. सासूबाईंना लगेच फोन केला.