पॉवर स्टेअरिंगचा गळका पाइप अन् ४० रुपयांची क्लिप : आठ महिन्यांनंतर

गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक. स्टेअरिंग ऑइलवालं, म्हणजे हायड्रॉलिक. ज्यांचं इलेक्ट्रिक आहे त्यांच्याकडे हा पाइपच नसतो, त्यांनी आमची मजा पाहावी.

मागच्या सप्टेंबरात पार्किंगमधून काढताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं की गाडी म्हशीसारखी हंबरायला लागली. बोनेट उघडलं तर स्टेअरिंग ऑइलची डबी तळाला. भरली, पंधरा दिवसांत परत तळाला. सर्व्हिस सेंटरला नेली तर कागद हातात आला, रॅक (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवतो तो भाग) बदला, पाइप बदला, लेबर धरून अठरा हजार. कुठून गळतंय ते दाखवा म्हटलं तर "लिफ्ट रिकामी नाही सर". अरे बाप्पा, गाडी विकली तर साठेक हजार येतील, त्यातले अठरा मी न पाहिलेल्या गळतीवर घालू?

घरी आलो, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली टाकला. सकाळी तीन डाग. डावीकडे नुसतं पाणी, ते एसीचं, त्याला घाबरायचं नाही. मधे काळा थेंब इंजिन ऑइलचा, तो आमच्याकडे तीन-चार वर्षांपासूनचा पाहुणा आहे, त्याला कोणी विचारत नाही. अन् उजवीकडे लालसर तपकिरी, चिकट, तेच आमचं स्टेअरिंग ऑइल. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, असतं तर हिरवं नाही तर गुलाबी अन् गोडसर वासाचं निघालं असतं. चाकापाशी पिवळसर, पातळ, बुळबुळीत डाग असेल तर मात्र ब्रेक ऑइल समजा अन् गाडी हलवूच नका.

पण डाग पडतो तिथेच गळतं असं नाही, ऑइल पाइपावरून ओघळत कुठूनही कुठे जातं, म्हणून ओलं झालेल्यातलं सगळ्यात वरचं ठिकाण शोधायचं. सगळं पुसून आईचा चंदनाच्या पावडरचा डबा पाइपांवर रिकामा केला, इंजिन चालू केलं अन् बाबांना स्टेअरिंग इकडून तिकडे फिरवायला बसवलं. बाबा आतून म्हणे, "पावडर तोंडाला लावतात बे, इंजिनला नाही." दोन मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. रॅक कोरडा ठणठणीत! गळत होता डबीकडे परत येणारा रिटर्न पाइप, तोही टोकाशी, जिथे क्लिप असते तिथे. इंजिनच्या अन् आपल्या नागपूरच्या उन्हात रबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं कडक होऊन तडकलेलं अन् स्प्रिंगची क्लिप सैल.

घाट रोडवर पार्टच्या दुकानात गेलो, जुना तुकडा दाखवला, त्याच मापाचा हीटर होज अन् दोन क्लिपा घेतल्या, बसवून मोकळा झालो. तेव्हा वहीत लिहूनही ठेवलं होतं की एकूण खर्च २२० रुपये, दहापैकी दहा.

ते दहापैकी दहा मी परत घेतो. तीन आठवड्यांत तो पाइप जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखा फुगून मऊ झाला अन् क्लिपेतून सटकायला लागला. परत दुकानात. काउंटरवरचे काका चष्म्यावरून पाहत म्हणाले, "हा पाण्याचा पाइप हाय जी, तेल लागलं की फुगतेच. पहिल्यांदा सांगायचं ना तेलासाठी पाहिजे म्हणून." चूक माझीच. हीटर होज म्हणजे कूलंटचाच पाइप, अन् तो बहुतेक ईपीडीएम रबराचा असतो, त्याला पाणी चालतं, तेल नाही. तेलाला नायट्राइल रबराचा पाहिजे, दिसायला दोन्ही सारखेच काळे. दुसरा पाइप १५० चा.

आता क्लिप. मला माहीत आहे की मी या क्लिपेबद्दल जरा जास्तच बोलून राहिलो, घरचेही हेच म्हणतात, पण ऐका. स्वस्त क्लिपेच्या पट्टीला आरपार खाचा असतात, आवळली की रबर त्यात घुसतं अन् कापतं. ४० रुपयेवालीची पट्टी आतून सपाट, कडा वळवलेल्या. अन् पेचाचं तोंड वर यायला पाहिजे! मी पहिल्यांदा खाली करून बसवली अन् नंतर आवळायला बॅटरी काढावी लागली, सगळी कोपरं सोलून निघाली. रबर गरम-थंड होऊन बसतं म्हणून आठवड्याने अर्धा आटा आवळायचीच असते, तर बसवतानाच विचार करा ना राजे हो.

नंतर पाइप काढताना आत शिरलेली हवा काढायची. पुढची चाकं जॅकवर घेऊन खाली टेकू लावले, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग वीसेक वेळा सावकाश इकडून तिकडे, मधे मधे डबी भरत, मगच स्टार्ट. ऑइलमध्ये फेस दिसला तर हवा अजून आत आहे. ऑइल झाकणावर लिहिलं तेच टाका, माझ्यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आहे, सगळ्यांत तेच असतं असं नाही.

अन् हा जुगाड फक्त रिटर्न पाइपाचा. पंपातून रॅककडे जाणारा, टोकं प्रेस केलेला पाइप फुल प्रेशरचा असतो, त्याला क्लिपा मारू नका. सुटला तर गरम सायलेन्सरच्या पाइपावर ऑइल उडून आग लागू शकते. तिथे पैसे द्या.

आता जून आहे. मेचं ऊन झालं, दोनदा अमरावती, एकदा पेंच, अन् सीताबर्डीत पार्किंगसाठी रोजची पिळापिळी. डबीची पातळी नोव्हेंबरात मारलेल्या मार्करच्या खुणेवरच. हंबरणं बंद, फक्त फुल लॉकला, म्हणजे स्टेअरिंग टोकापर्यंत वळवलं की, थोडं कण्हते, तर तिथे मी धरून ठेवत नाही. सगळं मिळून, ऑइलची बाटली अन् वाया गेलेला पाइप धरून, हजाराच्या आत.

काल परत पाना लावून पाहिला, पाव आटाही फिरली नाही क्लिप. आई मात्र पावडरचा डबा मागून राहिली, अन् तो बाहेरून काळाकुट्ट झालाय म्हणून मी अजून डिक्कीतून काढलेला नाही.